आमची वाटचाल, केसांच्या कडेकडेने

आमच्या दरपत्रकात कटिंगच्या, म्हणजे फोटोतला माणूस मागच्या पार्श्वभूमीपासून कापून वेगळा करण्याच्या, दोन ओळी आहेत, ‘साधं’ आणि ‘केसांचं’. दुसरीचा दर पहिलीच्या तिप्पट. गिऱ्हाईक विचारतं, माणूस तोच, फोटो तोच, मग तिप्पट कशाचे? गोव्यात फोंड्यातल्या आमच्या या छोट्या फोटो-युनिटची वाटचाल सांगायची तर ती बहुतेक या दुसऱ्या ओळीचीच आहे, म्हणून उत्तर इथेच देऊन टाकतो.

माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड. २४ मेगापिक्सेलचा उभा फोटो ४००० बाय ६००० पिक्सेलचा. नवरी नखशिखांत घेतली, म्हणजे चौकटीत उभे दोन मीटर आले, तर एका मिलिमीटरला तीन पिक्सेल मिळतात आणि एक केस पिक्सेलचा जेमतेम पाचवा हिस्सा भरतो. नुसता चेहरा आणि खांदे घेतले, चौकटीत अर्धा मीटरच आला, तरी केस एका पिक्सेलला थोडा कमीच पडतो. म्हणजे सुटा केस जिथे पडतो त्या पिक्सेलमध्ये केसही असतो आणि मागची भिंतही. कापायला तिथे कडाच नाही. प्रत्येक पिक्सेलला विचारावं लागतं, तुझ्यात केस किती आणि भिंत किती? मास्क म्हणजे या वाटणीची वही: २५५ म्हणजे सगळा केस, ० म्हणजे सगळी भिंत, मधले आकडे अर्धे-पाव. हातात तीन आकडे, लाल, हिरवा, निळा. शोधायचे सात, केसाच्या रंगाचे तीन, भिंतीच्या रंगाचे तीन आणि वाटणीचा एक. त्यामुळे कुठलंही सॉफ्टवेअर इथे अंदाजच करतं. चांगलं सॉफ्टवेअर चांगला अंदाज करतं, एवढंच.

पहिल्या काळात सगळी कटिंग फोटोशॉपच्या पेन टूलने, म्हणजे कडेने बिंदू ठेवत रेघ आखून, व्हायची. सोफा, मूर्ती, गाडी यांना पेन टूलसारखं दुसरं काही नाही आणि आजही ते आम्ही सोडलेलं नाही; पण केसांवरून फिरवलं की डोक्यावर हेल्मेट चढतं. १९९९ मध्ये फोटोशॉप ५.५ सोबत एक्स्ट्रॅक्ट फिल्टर आला. कडेवर जाड हायलाइटर ओढायचा, आत बादलीने रंग भरायचा, ओके. तो मास्क न देता मूळ पिक्सेलच पुसून टाकायचा, त्यामुळे चुकलं की पुन्हा श्रीगणेशा. फोटोशॉपच्या सीएस ४ आवृत्तीपासून तो नेहमीच्या पॅकमधून गेला. कुणाला चुकचुकल्याचं ऐकिवात नाही.

खरा आधार चॅनलचा, म्हणजे फोटोतल्या लाल, हिरव्या आणि निळ्या उजेडाच्या वेगवेगळ्या चित्रांचा. आजही एखादं काम अडलं की आम्ही तिथेच परततो. चॅनल पॅलेट उघडून तिन्ही चॅनल एकेक करून काळ्या-पांढऱ्यात बघायचे. कंट्रोल ३, ४, ५ ने अनुक्रमे रेड, ग्रीन, ब्लू दिसतात आणि कंट्रोल २ ने परत रंगीत. ज्यात केस आणि पार्श्वभूमी यांच्यात सर्वांत जास्त फरक, तो घ्यायचा. काळा केस तिन्हींत काळाच असतो, तेव्हा प्रश्न उरतो मागचं कशात उजळ दिसतं एवढाच. गोव्यात याचं उत्तर पाठ करून ठेवता येतं. मागे आकाश असेल तर ब्लू. मागे तांबड्या चिऱ्याची भिंत असेल तर रेड, कारण चिरा ब्लूमध्ये केसाइतकाच काळा दिसतो. मागे भाताचं शेत असेल तर ग्रीन. मिरामारच्या सूर्यास्ताचं केशरी आकाश असेल तर पुन्हा रेड. ब्लूच्या वाटेला जाऊच नये, तिथे आकाशही काळवंडलेलं असतं. पिकलेल्या केसांचं गणित उलटं: त्यांना मागे आंब्याची गर्द सावली हवी, उजळ आकाशापुढे ते दिसतच नाहीत.

निवडलेल्या चॅनलची प्रत काढायची. मूळ चॅनलवर हात मारला तर फोटोचाच रंग बिघडतो, आणि शिकाऊ हात हमखास तीच चूक करतात. मग कंट्रोल एल ने लेव्हल्स, म्हणजे गडद आणखी काळं आणि उजळ आणखी पांढरं करणारी पट्टी: काळा सरकवा ४० ते ६० पर्यंत, पांढरा १९० ते २०० च्या आसपास. हे आकडे सुरुवातीपुरते. केसांची टोकं राखाडी आहेत तोवरच थांबायचं. कुठे थांबायचं हे कळणं हेच या कामातलं कसब. जास्त ओढलं तर टोकं एकतर तारेसारखी कडक होतात नाहीतर मधूनच तुटतात. राहिलेली डागडुजी ओव्हरले मोडमधल्या ब्रशने, ओपॅसिटी (रंगाची दाटी) २० ते ३० टक्के. या मोडमध्ये पूर्ण पांढऱ्यावर काळा रंग चढत नाही आणि पूर्ण काळ्यावर पांढरा चढत नाही, फक्त मधले राखाडी ढकलले जातात. म्हणून केसांच्या मधूनही बिनधास्त फिरवता येतो. चेहरा, मान, कपडे लॅसोने (हाताने घेर आखून) घेऊन सरळ काळे भरायचे. कंट्रोल आय ने उलटं करायचं, चॅनलच्या छोट्या चित्रावर कंट्रोल क्लिक, आणि लेयरला (फोटोच्या थराला) मास्क.

इथे एक फसवणूक होते. सिलेक्शनभोवती धावणाऱ्या मुंग्या, म्हणजे निवडलेल्या भागाभोवतीची हलती तुटक रेघ, फक्त ५० टक्क्यांची सीमा दाखवतात. अर्ध्यापेक्षा कमी निवडलेले केस मुंग्यांच्या बाहेर राहतात, तरी मास्कमध्ये ते असतात. मुंग्या बघून ‘केस सुटले’ म्हणत पुन्हा निवडायला बसू नये. ऑल्ट धरून मास्कच्या चित्रावर क्लिक करून मास्कच बघावा.

जेपीईजी फाइलमध्ये आणखी एक मेख आहे. अनेक जेपीईजी उजेड पूर्ण तपशिलात साठवतात आणि रंग आडवा-उभा निम्म्याने. त्यामुळे ब्लू चॅनल मोठा करून बघितला की केसांच्या कडेला पायऱ्या दिसतात. अशा वेळी लॅब मोडमधला, नुसता उजेड दाखवणारा लाइटनेस चॅनल जास्त स्वच्छ निघतो. आणि व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत सुटे केस निवडायचे म्हणजे वाळूत मीठ शोधणं. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, हे वाक्य आमच्या दारावर चिकटवलेलं आहे.

सिलेक्शनची कड सुधारणारं रिफाइन एज २००७ मध्ये सीएस ३ ला आलं, पण केसांच्या कामाचं झालं ते २०१० च्या सीएस ५ मध्ये, स्मार्ट रेडियस आणि कडेवर फिरवायचा ब्रश मिळाल्यावर. २०१६ मध्ये त्याची जागा सिलेक्ट अँड मास्कने घेतली. या खिडकीत लोक सगळ्यात जास्त चुकतात ते खालच्या चार पट्ट्यांत. स्मूद आणि फेदर केसांसाठी शून्यावर ठेवा. स्मूद केस कातरतो आणि फेदर त्यांचं धुकं करतो. कॉन्ट्रास्टही नको. शिफ्ट एज आत ओढलं तर केसांभोवतीचं पांढरं वर्तुळ कमी होतं खरं, पण त्याच ओढीत खांदा आणि कानही खातो. रेडियस (कडेचा किती रुंद पट्टा तपासायचा ते) वाढवला की केस सुंदर येतात आणि ब्लाउजची बाही विरघळते. यावर आमचा उपाय ठरलेला आहे: दोन वेगळे मास्क. शरीर पेन टूलने, ०.५ ते १ पिक्सेल फेदर देऊन. केस रिफाइनच्या ब्रशने, बाहेरच्या झालरीवरच. कपाळावर, कानावर ब्रश गेला की कातडीला भोकं पडतात. मग दोन्ही एकत्र. दिसायला दुप्पट काम, पण एकाच मास्कवर तासभर झगडण्यापेक्षा लवकर उरकतं.

मोगऱ्याचा गजरा, अबोलीची वळेसर (फुलांची वेणी), झुमके यांनाही हाच नियम. फुलाची पाकळी केसासारखी विरळ नसते, तिला ठाम कड असते. वेणीवरून रिफाइन ब्रश फिरला की अबोली जाळीदार होते. फुलं पेन टूलने वेगळी घ्यायची. झुमक्याच्या आतलं भोक आणि मानेजवळच्या केसांच्या फटी मात्र विसरायच्या नाहीत. जुन्या पार्श्वभूमीचे तुकडे तिथेच लपून बसतात.

मास्क नीट झाला तरी अर्धंच काम झालं. वाटणी कळली, पण त्या अर्ध्या पिक्सेलमधला रंग अजून भेसळीचाच. चिऱ्यापुढचे केस निळ्या समुद्रावर ठेवले की टोकांना तांबूस झाक उरते, शेतापुढच्यांना हिरवी. सिलेक्ट अँड मास्कमधल्या डिकंटॅमिनेट कलर्सची खूण केली तर सॉफ्टवेअर आतला केसांचा रंग बाहेर पसरवतं. हा पर्याय मूळ पिक्सेल बदलतो, म्हणून आउटपुट ‘मास्कसह नवा लेयर’ ठेवायचं आणि मूळ लेयर खाली बंद करून ठेवायचा. १०० टक्क्यांवर केस रंगवल्यासारखे दिसतात. आम्ही ५० च्या आसपास थांबतो आणि उरलेलं हाताने करतो. नवा लेयर, खालच्याला क्लिप केलेला (म्हणजे खालच्या लेयरपुरताच उमटणारा), ऑल्टने जवळच्या केसाचा रंग उचलायचा, ब्रश २० टक्के. झाक रंगाची असेल तर मोड कलर. कड पांढुरकी असेल तर कलर मोड काहीच करणार नाही, कारण तो उजेडाला हात लावत नाही. तिथे डार्कन किंवा नॉर्मल. हा फरक माहीत नसलेला माणूस अर्धा दिवस ब्रश घासत बसतो.

शाळेच्या ओळखपत्रांसाठी, राखाडी पडद्यापुढच्या फोटोंसाठी, एक आडवाट आहे. लेयरच्या दोन प्रती. खालच्या प्रतीवर लेव्हल्स लावून पडदा पूर्ण पांढरा करायचा आणि मोड मल्टिप्लाय. पांढरं नाहीसं होतं, काळे केस राहतात. वरची प्रत नॉर्मल, मास्कने फक्त चेहरा आणि शरीर. केसांचं सिलेक्शनच करावं लागत नाही. अट एकच: नवी पार्श्वभूमी केसांपेक्षा बरीच उजळ हवी. फिकट निळा, फिकट पिवळा, काहीही चालतं.

ख्रिस्ती लग्नांचं काम सुरू झालं तेव्हा या वाटेचा उलटा फाटा कामाला आला. नवरीची पांढरी वेल, म्हणजे डोक्यावरची जाळीदार ओढणी, केसांपेक्षा अवघड, कारण तिच्यातून मागचं आरपार दिसतं. वेल नुसती कापून नव्या जागी ठेवली तर तिच्यातून जुन्या बागेची झाडं डोकावतात. म्हणून वेलीचा भाग वेगळ्या लेयरवर घ्यायचा, रंग काढून टाकायचा, लेव्हल्सने मागचं काळं करायचं, मोड स्क्रीन. काळं जातं, जाळी उरते, आणि तिच्यातून नवी पार्श्वभूमी दिसते. वेलीमागे अंधार असेल तरच हे जमतं; चर्चचं उघडं दार आणि आतली सावली याहून चांगली जागा नाही. उन्हात पांढऱ्या भिंतीपुढे काढलेली वेल आम्ही सरळ परत करतो.

कार्निव्हलच्या पिसांना वेगळी युक्ती नाही, फक्त चॅनल रंग पाहून निवडायचा. लाल पिसं आकाशापुढे ब्लूमध्ये काळीभोर उठतात. निळी पिसं निळ्या आकाशापुढे कुठल्याच चॅनलमध्ये धड वेगळी निघत नाहीत. त्यांना वेळ द्यावा लागतो, आणि तो बिलात लागतो.

२०१८ मध्ये माणूस आपोआप निवडणारं सिलेक्ट सब्जेक्ट आलं, २०२० मध्ये सिलेक्ट अँड मास्कमध्ये रिफाइन हेअरचं बटण. गिऱ्हाइकं म्हणू लागली, आता तर एका क्लिकचं काम. सुरुवात खरंच एका क्लिकवर आली आहे, आणि ती आम्हीही तिथूनच करतो. पण ते अडतं कुठे हेही ठरलेलं आहे: मागे माडाची झावळं असतील तर बारीक पाती आणि बारीक केस त्याला सारखेच; कुरळ्या केसांमधल्या बंद फटी; केसांत घातलेला हात; पावसाळ्यातल्या दमट हवेत डोक्यावर उभी राहणारी केसांची पिंजण. ही पिंजण आम्ही बऱ्याचदा सोडूनच देतो आणि १ ते ३ पिक्सेलच्या ब्रशने मोजके आठ-दहा केस नव्याने काढतो, मुळाकडून टोकाकडे, टॅबलेटवरच्या पेनाचा दाब कमी करत. पैसे न मोजता शिकायचं असेल त्याने गिंप हे फुकटचं सॉफ्टवेअर घ्यावं. त्याच्या २.१० आवृत्तीतलं फोरग्राउंड सिलेक्ट, लेव्हिन मॅटिंग नावाच्या इंजिनावर, वाटणीचं हेच गणित करतं. फक्त मोठ्या फाइलला बराच वेळ घेतं.

मास्क तपासायचा तो काळ्यावर, पांढऱ्यावर आणि राखाडीवर, तिन्हींवर. गिऱ्हाइकाच्या पार्श्वभूमीवर सुंदर दिसलेला मास्क त्याने महिन्याने दुसरा रंग मागितला की उघडा पडतो. आणि मेहनत छापाईच्या मापाने. १२ बाय ३६ इंची अल्बमचं पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ३६०० बाय १०८०० पिक्सेलचं असतं, तिथे प्रत्येक बट दिसते. ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो ४१३ बाय ५३१ पिक्सेलचा. तिथे सुटे केस निवडणं म्हणजे वेळेची नासाडी. चवथीच्या शुभेच्छांच्या फ्लेक्सवर बारीक केस कुणी बघत नाही, पण डोक्याभोवतीची पांढरी रेघ रस्त्यापलीकडूनही दिसते. तिथे मास्क दोन पिक्सेल आत घ्यावा आणि पुढे जावं.

दरपत्रकात तिसरी ओळ आहे, ती कटिंगची नाही. अमेरिकेच्या व्हिसाच्या फोटोत डिजिटल फेरफार चालत नाही, पार्श्वभूमीसुद्धा बदलायची नसते. फोटो आणून ‘मागचं पांढरं करा’ म्हणणाऱ्यांना आम्ही आतल्या पांढऱ्या पडद्यापुढे उभं करतो, पडद्यापासून चार-पाच फूट पुढे, म्हणजे सावली पडत नाही. त्याचा दर ‘साध्या’हूनही कमी आहे.