नवी पेटी मिळते, मग जुनीच का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझ्या जुन्या गाडीच्या डिकीतला पत्रा उचलला आणि स्टेपनीच्या मधोमध बसलेली हत्यारांची गोल पेटी दिसली, की प्रश्न ठरलेला असतो : "हुबेहूब अशीच नवी टूलकिट तयार मिळते की! मग गंजलेली मूळ पेटी शोधायची, एकेक पाना जमवायचा, महिनोन् महिने घासत बसायचं, हे कशासाठी?" गाडीपाशी उभ्या उभ्या दिलेलं उत्तर मलाच पुरत नाही, म्हणून नीट लिहिते.

कारखान्यातून गाडीबरोबर आलेली हत्यारं म्हणजे मालकाने स्वतःच्या हाताने काय काय करायचं, याची कारखान्याने दिलेली यादी असते. माझी गाडी जॅग्वार मार्क टू, १९६० च्या दशकातली. तिच्या पेटीत फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचं फीलर गेज आहे, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या प्लगची आणि तिची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटची फट मालकाने तपासायची. ग्रीस गन आहे, म्हणजे गाडीखाली शिरून निपलांना ग्रीस द्यायचं. ब्रेकमधली हवा काढायची नळी आणि तिच्या जोडीचा छोटा डबासुद्धा आहे! आज ब्रेकला हात लावायचा विचारही कुणी मालक करत नाही. पुढे पुढे गाड्यांमधून हे एकेक हत्यार गळत गेलं आणि जॅक नि चाकाचा पाना एवढंच उरलं. गाडी आणि मालक यांच्यातलं नातं कसं बदललं, हे मला कुठल्याही इंजिनापेक्षा या पेटीत जास्त स्पष्ट दिसतं. म्हणून ती मूळचीच हवी. नवी प्रतिकृती पार्ट्स बुकातल्या चित्रावरून बनते, चित्रात न दिसलेलं तिच्यात येत नाही.

बरं, पेटीची जागासुद्धा गाडीगणिक वेगळी. जॅग्वारच्याच मार्क सेव्हनमध्ये हत्यारं पुढच्या दारांच्या आत, झाकण असलेल्या खणांत ठेवलेली असत. बीएमडब्ल्यूच्या कितीतरी गाड्यांत डिकीच्या झाकणालाच आतून ट्रे लटकवलेला असे आणि त्यात हेको कंपनीची हत्यारं आपापल्या खाचांत. त्याहून जुन्या काळात पायरीच्या फळीवर, म्हणजे रनिंग बोर्डवर, कुलूप लावायची पेटी बसवत. हाझेट कंपनीची फोक्सवॅगन बीटलच्या स्टेपनीत बसणारी गोल पेटी खूप प्रसिद्ध आहे, पण ती वेगळी विकत घ्यायची वस्तू होती. बीटलबरोबर ती 'मूळची' म्हणून कुणी देऊ केली, तर हा फरक माहीत असलेला बरा.

शोधायचं कसं, हे पुष्कळजण विचारतात. आधी कागद, मग बाजार. त्या वर्षाचं पार्ट्स बुक आणि मालकाची पुस्तिका मिळवा, टूलकिटचं पान काढा. एकाच मॉडेलची हत्यारं दोन-तीन वर्षांत बदललेली असतात, त्यामुळे चॅसिस नंबरप्रमाणे पाहावं लागतं. मग जुन्या सुट्या भागांचे बाजार. इंग्लंडमध्ये ब्यूली इथे १९६७ पासून असा बाजार भरतो. तिथे टेबलावर मांडलेल्या चकचकीत संचांपेक्षा टेबलाखालची खोकी जास्त बोलतात. पूर्ण संच क्वचितच मिळतो. मिळालाच, तर तो अनेकदा तीन गाड्यांच्या उरल्यासुरल्या हत्यारांतून जुळवलेला असतो.

अशाच एका खोक्यातून मी एकदा सात-आठ पान्यांचा गठ्ठा घेतला. गंजाने एकमेकांना चिकटलेले. त्यातला एक दुतोंडी पाना सुटा केला, रॉकेलमध्ये रात्रभर ठेवला आणि सकाळी पितळी ब्रशने दांड्यावर हलक्या हाताने घासत गेले. आधी नुसता तपकिरी चिखल निघाला. मग एक आडवी रेघ, मग तिच्या वर १ आणि खाली ४, शेजारी डब्ल्यू, म्हणजे व्हिटवर्थ, हे जुनं ब्रिटिश पेचमाप. थोडं पुढे ५/१६ बीएसएफ, म्हणजे त्याचाच बारीक आट्यांचा प्रकार. एकाच तोंडावर दोन मापं, आणि त्यातलं एकही त्या तोंडाचं माप नाही! व्हिटवर्थ पद्धतीत पान्यावरचा आकडा बोल्टच्या दांड्याची जाडी सांगतो. पाव इंची व्हिटवर्थ बोल्टचं डोकं आडवं मोजलं तर ०.५२५ इंच भरतं, म्हणजे साधारण १३.३ मिलिमीटर. बीएसएफ बोल्टला डोकं एक माप लहान, म्हणून तोच पाना ५/१६ च्या बीएसएफलाही चालतो. आजचा १३ चा पाना त्यावर बसत नाही आणि १४ चा डोकं गोल करून टाकतो.

१९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी पेचांचं एकच युनिफाइड माप ठरवलं. त्यानंतर ब्रिटिश गाड्या हळूहळू एएफ पान्यांकडे वळल्या, ज्यांच्यावर थेट डोक्याचं माप असतं. माझी गाडी त्यानंतरची, तेव्हा खोक्यातला तो पाना माझ्या पेटीतला नव्हताच, कुठल्यातरी जुन्या गाडीचा होता. युद्धापूर्वीच्या एका गाडीचे मालक नेमका तसाच पाना शोधत होते. स्वच्छ करून त्यांना दिला, आणि त्यांनी बदल्यात मला एक प्लगपाना दिला. माझ्या पेटीतली निम्मी हत्यारं अशीच आली आहेत.

खरं-खोटं ओळखताना मी आधी अक्षरं बघते आणि मग कडा. घणाखाली घडवलेल्या पान्याच्या कडेला साच्याबाहेर आलेला धातू कापून घासल्याची रुंद पट्टी दिसते, ओतीव वस्तूला बारीक शिवण असते. जर्मन पान्यावर डीआयएन, म्हणजे जर्मन मानकाचा, क्रमांक ८९५ असेल तर तो जुन्या मानकाचा, डीआयएन ३११० हे नंतरचं. 'वेस्ट जर्मनी' हा ठसा १९४९ ते १९९० च्या मधलाच. १९५० च्या गाडीत १९८० चा पाना घालून विकलेला संच मी एकदा घेऊन बसले आहे. तेव्हापासून भिंग खिशात असतं.

गंज काढायला मी बहुतेक वेळा धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि बॅटरी चार्जर वापरते. प्लॅस्टिकच्या टबात चार-पाच लिटर पाण्याला एक मोठा चमचा सोडा. हत्यार ऋण टोकाला, साध्या लोखंडाचा भंगार तुकडा धन टोकाला. तिथे स्टेनलेस स्टील कधीही लावू नका, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. हायड्रोजन सुटतो, म्हणून हे काम उघड्यावर, ठिणगीपासून लांब. काही तासांनी हत्यार बाहेर काढलं की काळी साय निघते आणि खाली मूळचं लोखंड, ठशांसकट. लगेच कोरडं करून तेल लावायचं, नाहीतर बघता बघता पुन्हा तांबूस होतं. स्प्रिंग असलेल्या वस्तू या टबात घालत नाही, हायड्रोजनने स्प्रिंग ठिसूळ होऊन तुटू शकते. मुलामा दिलेली हत्यारंही नाही. त्यातही फिकट, पिवळसर झाक असलेला कॅडमियमचा मुलामा असेल तर कोरडं घासणं किंवा तापवणं पूर्ण बंद, कारण त्याची धूळ नि वाफ विषारी असते. तिथे फक्त तेल आणि मऊ फडकं.

सुरुवातीच्या काळात मी एक पाना बफिंगच्या चाकावर धरला. पाच मिनिटांत तो आरशासारखा झाला आणि कारखान्याचा ठसा गेला. तो पाना अजून माझ्याकडे आहे, पण कुठल्याही पेटीत ठेवता येत नाही. कारण तो कुणाचा होता हे आता कुणालाच सांगता येणार नाही. त्या दिवसापासून माझा नियम एकच : गंज काढायचा, वय नाही. पान्याचा अडकलेला जबडा सुटावा म्हणून कुणी गॅसची ज्योत धरतं, तेही तसंच. पोलाद निळं पडलं की साधारण ३०० अंशांपर्यंत गेलं म्हणायचं, आणि तोंडाची कठीणता उतरते.

पेटीच्या पत्र्याला मात्र माझा जास्त वेळ गेला. गोल पेटीचा तळ स्टेपनीच्या खड्ड्यात असतो, आणि खड्ड्यात पाणी साठतं. माझ्या पेटीच्या तळाला चाळणीसारखी भोकं होती, बाजूची भिंत मात्र धड होती. सगळा तळ कापून नवा बसवणं सोपं होतं. मी तेवढाच भाग कापला जिथे पत्रा बोटाने दबत होता, आणि त्याच जाडीच्या पत्र्याचं ठिगळ आतून लावलं. बारीक भोकं कथलाच्या डागाने बुजवली. झाकणाचा पोचा लाकडी ठोकळ्यावर ठेवून आतल्या बाजूने मोगरीने हळूहळू उठवला. एका ठोक्यात उठवायला गेलं की पत्रा ताणतो आणि मग तो कायम डबडब वाजत राहतो. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता धरून घासकाम ओलं, मास्क लावून केलं. झाकणाच्या आतल्या बाजूला मूळ रंग शिल्लक होता. तो तसाच ठेवला, त्यावर फक्त मेण.

पेटीऐवजी हत्यारं ठेवायची गुंडाळी असेल, म्हणजे रेक्झिनची किंवा चामड्याची, तर शिवण उसवून जुन्याच भोकांतून नवा दोरा घ्यायचा. नवी भोकं पाडली की कुजलेलं कापड टपाल तिकिटासारखं ओळीने फाटतं. आणि चामड्यात हत्यारं वर्षानुवर्षं कोंडून ठेवू नका. चामडं ओल धरतं, त्यातल्या आम्लाने पाने काळवंडतात. माझ्याकडची एक चामडी गुंडाळी प्रदर्शनापुरती भरते, एरवी हत्यारं तेलकट कागदात.

वापरते का? हो. पॉइंटची फट मी याच फीलर गेजने बघते.

आणि तुम्हाला एक विनंती. घरातली, नात्यातली कुणाची जुनी गाडी विकली जात असेल, तर ती दारातून जाण्याआधी सीटखाली, स्टेपनीखाली, डिकीच्या झाकणात एकदा बघा. मार्क सेव्हन असेल तर पुढची दोन्ही दारं उघडून बघा. जे सापडेल ते गंजलेलं असलं तरी गॅरेजच्या डब्यात टाकू नका, गाडीबरोबरच द्या. हत्यारांचे संच विखुरतात ते बहुतेक याच दिवशी.