पिंट्याला आवडलं

रविवार, रात्री साडेअकरा

पिंट्याला आवडलं. खरं तर विषय इथेच संपायला हवा होता. इतकी वर्षं मी ज्याच्या त्याच्या मागे लागून 'ताल मॅट्रिक्स' हा तबला आणि इलेक्ट्रॉनिक ठेक्यांचा अल्बम ऐकवत आलोय. आज पहिल्यांदा कुणीतरी जेवता जेवता मान वर करून "मामा, कसलं भारी आहे हे!" म्हणालं. तर खूश व्हायचं सोडून मी ताईकडून निघाल्यापासून तोंड पाडून बसलोय. लोकलमध्ये तेच, आता गादीवर पडूनही तेच.

नावडलं असतं तर बरं झालं असतं. नावडण्याची मला सवय आहे.

त्याला आवडला तो वीसेक सेकंदांचा तुकडा. तबला चढत जातो, खालून ड्रम येऊन मिळतात, ती जागा. ताई दुसऱ्यांदा आमटी वाढायला आली तोवर त्याने तो तुकडा कापून घेतला होता. माझा ताकभात होईपर्यंत तो माळशेज घाटातल्या बाइकच्या व्हिडिओखाली लागलासुद्धा. धबधबा, हेल्मेट, धुकं आणि खाली रेला, म्हणजे तबल्याची ती न थांबणारी भरधाव लड. लगेच कुणीतरी विचारलं, "ट्रॅक आयडी?" पिंट्याचं उत्तर: "मामाच्या पेनड्राइव्हवर होतं, नाव माहीत नाही." मग आणखी एकजण: "एआयने बनवलंय वाटतं. पण जबरी." त्यावर पिंट्याचा हसरा चेहरा. बस. चर्चा समाप्त.

झाकीर हुसेन, त्रिलोक गुर्टू, तल्विन सिंग, कर्श काळे हे तबलेवाले, वर सुलतान खाँसाहेबांची सारंगी, आणि हे सगळं मांडायला निर्माता बिल लास्वेल. एवढी माणसं एका तबकडीवर बसली आणि त्यांचं शेवटी काय झालं, तर एआय. आणि मामाचा पेनड्राइव्ह. नाव विचारायला मी समोरच बसलो होतो की. हातभर अंतरावर. पापडसुद्धा मीच त्याच्या ताटात टाकला.

हा अल्बम २००० चा. मी तो र्‍हिदम हाऊसमधून घेतला, तिथल्या त्या ऐकायच्या केबिनीत उभं राहून, बाहेर कुणीतरी काचेवर टकटक करत असताना. त्याच्या आधी तल्विन सिंगचं 'ओके' कॅसेटवर घासून झालं होतं. लंडनमध्ये हॉक्स्टन स्क्वेअरच्या ब्लू नोट क्लबात हा माणूस सोमवारी रात्री 'अनोखा' नावाने तबला आणि 'ड्रम अँड बास' हे तिकडचं पळत्या ठेक्याचं नाचाचं संगीत एकत्र करून लोकांना नाचवतो, आणि १९९९ ला त्याच 'ओके'ला तिकडचं मर्क्युरी पारितोषिक मिळतं, हे मी पेपरात वाचलं तेव्हा मला स्वतःला काहीतरी मिळाल्यासारखं झालं होतं. का, ते विचारू नये. नोकरी नवीन होती, सरांकडचा तबला सुटला होता (तेही असो), आणि तबल्याचं काहीतरी नवीन चाललंय आणि मला ते कळतंय, एवढंच तेव्हा माझ्याकडे होतं.

मग सुरू झाला लोकांना ऐकवायचा कार्यक्रम.

बाबांनी चष्मा कपाळावर चढवून कव्हर वाचलं आणि म्हणाले, "झाकीरला काय कमी होतं, हे कशाला?" मग गुर्टूंचं नाव दिसल्यावर जरा निवळले. "हा शोभाताईंचा मुलगा ना? बादलीत झांज बुडवून वाजवतो तो?" तोच. झांज वाजती असताना पाण्यात उतरवतो आणि तिचा सूर वाकवतो. बाबांना ते टीव्हीवर पाहिलेलं आठवत होतं. पण तेवढ्यावरच. मी पुढचं लावलं तर उठून बातम्यांना गेले. बाबांची तबल्याची जोडी माळ्यावर आहे. तो विषय आज नको.

हापिसातला गोव्याला पडीक असलेला मित्र म्हणाला, नाचता येत नाही याच्यावर. त्याच्या कानात हणजूणचा ट्रान्स भरलेला. मिनिटाला १४०-१४५ ठोके, एकदा सुरू झाले की सकाळपर्यंत त्याच चालीने. "हे लोक मध्येच थांबतात रे. पाय उचलला की खाली ठेवायचा कुठे तेच कळत नाही." आणखी एकीने सांगितलं, हॉटेलात जेवताना लावतात तसलं आहे, छान आहे, हळू आवाजात चालू राहू दे. तेव्हा तसं होऊ लागलंच होतं म्हणा. दोन-चार वर्षांत त्या सगळ्या चळवळीचं लाउंज होऊन गेलं. सतारीचा एक तुकडा, खाली ठेका, समोर कबाब.

आणि सर. सरांनी मात्र पूर्ण ऐकलं. डोळे मिटून, डाव्या हाताने मांडीवर ठेका धरून. संपल्यावर विचारलं, "डग्गा कुणी वाजवलाय?" डग्गा म्हणजे तबल्याच्या जोडीतलं डावं, खर्जाचं अंग. मी म्हटलं, "सर, झाकीरभाई." ते म्हणाले, "अरे वाजवला असेल, पण ऐकू कुठे येतोय?" मी तेव्हा चिडलो होतो. घरी येऊन हेडफोन लावून बसलो आणि ऐकू आलं की म्हातारा बरोबर बोलतोय. लास्वेल मूळचा बास गिटारवाला. त्याचा बास जिथे बसतो तिथेच डग्ग्याचा घुमारा असतो. मनगट दाबून डग्ग्यावरून जी मींड, म्हणजे सुराची घसरण, निघते, झाकीरभाईंच्या हातातली अर्धी बोलकी जागा, ती बऱ्याच ठिकाणी त्या इलेक्ट्रिक बासच्या पोटात जाते. तबल्याच्या चाटीवरचे, म्हणजे कडेवरचे, बोल टणटणीत, खालचं अंग मात्र दुसऱ्याच वाद्याचं. इतक्या मतांमध्ये मला पटलेलं हे एकच, आणि तेही अल्बमच्या विरोधातलं.

तर सांगायचं काय, नावं ठेवणारे सगळे मला चालले. त्यांच्याशी भांडता आलं. प्रत्येकाच्या नापसंतीने तो अल्बम जरा जरा जास्त माझा होत गेला. कुणालाच कळत नाही, मलाच कळतो, यात एक सुख असतं. ते कुणापुढे बोलून दाखवत नाहीत, पण असतं. त्यावर मी बरीच वर्षं काढली. आणि आज पिंट्याने आमटीचा हात पुसत पुसत ते उचलून माळशेज घाटात नेलं.

झाकीरभाई गेले त्या डिसेंबरातही असंच झालं होतं, आता आठवतंय. २०२४ च्या. दिवसभर सगळीकडे ती चहाची जाहिरात, ते उडणारे केस, तो ताजमहाल. मी रात्री एकट्याने 'ताल मॅट्रिक्स' लावला होता. मला तेव्हाही लोकांचा राग आला होता. ज्याच्या हाताला लागला तो तुकडा त्याने धरला होता आणि मी माझा धरून बसलो होतो, आणि वर माझाच खरा म्हणत होतो. ही मुंबईकर तबलेवाल्यांची जुनी खोडच. ३ फेब्रुवारीला षण्मुखानंदमध्ये झाकीरभाईंच्या वडिलांच्या, अल्लारखाँसाहेबांच्या बरसीला, म्हणजे पुण्यतिथीच्या मैफलीला, पहाटेपासून जाऊन बसायचो, तिथेही मध्यंतरात बटाटेवडा खाताना हेच चालायचं. ते सकाळचं खरं, हे ड्रमसेटवालं जरा जास्तच झालं. आणि त्या ड्रमसेटवाल्याला बोलावणारे स्वतः झाकीरभाईच.

मघाशी वाटलं, पिंट्याला फोन करून सांगावं, बाबा रे, निदान नावं तरी लिही. मग म्हटलं, सांगून काय होणार. "ओके मामा" येईल आणि एक अंगठा.

पण एक गोष्ट राहूनच चाललीय. जेवण झाल्यावर त्याने मला फोनवर दाखवलं, त्याने नेमकं कुठे कापलं ते. आवाजाची ती निळी नक्षी दोन बोटांनी ताणून मोठी केली. नखाला अजून हळद. म्हणाला, "हे बघ मामा, इथे खालचं सगळं काढून घेतलंय. बारीक झालं की नाही? इथे पब्लिक थांबतं. आणि हा ड्रॉप." आणि नख बरोबर त्या जाड रेघेवर आपटलं. मी म्हटलं, "हं."

अरे, ही तर तालातली खाली. सोळा मात्रांच्या तीनतालात नवव्या मात्रेला खाली येते, पुढे डग्गा बोलायचा थांबतो, धिं चा तिं होतो, धा चा ता होतो, सगळं हलकं होतं, आणि तेराव्या मात्रेनंतर भरी, म्हणजे डग्ग्याचा भार, परत येते आणि समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, अख्खी मैफल मान टाकते. भार काढून घ्यायचा, वाट बघायला लावायची, मग परत द्यायचा. सर हेच शिकवायचे, हातावर पट्टी मारून. म्हणायचे, खाली नीट दिली नाहीस तर सम कुणाला द्यायची? या अल्बममधले लोक खेळलेत ते याच्याशीच. ड्रम अँड बासचा ठेका मिनिटाला १६०-१८० ठोक्यांनी पळत असतो, पण बास त्याच्या निम्म्याने चालतो. म्हणजे वर दुगून, दुप्पट लय, आणि खाली बरोबरी, मूळ लय. तबलजीला यात परकं असं काय आहे?

पिंट्याने कधी टाळी-खाली मोजलेली नाही. डग्गा उजवीकडे ठेवतात की डावीकडे विचारलं तर तो गूगल करेल. पण कापलं ते बरोबर खालीपासून समेपर्यंत. अक्षरशः जिथे सरांनी डोळे उघडले असते तिथे.

मी हे त्याला सांगितलं नाही. का नाही सांगितलं? "हं" का म्हटलं? सांगितलं असतं तर त्याचं बरोबर आहे असं म्हणावं लागलं असतं, दुसरं काय.

आणि कापल्याचा राग तरी कुठल्या तोंडाने करू? हा अल्बमच कापून जोडून झालाय. लास्वेलचा धंदाच तो. १९९८ ला त्याने माइल्स डेव्हिसच्या जुन्या टेपा घेऊन त्या नव्याने मांडल्या, इकडचं तिकडे, तिकडचं इकडे, आणि तेव्हाही जाझवाले माझ्यासारखेच तोंड पाडून बसले असणार. कुणीतरी वाजवून ठेवलेला तबला, कुणीतरी दुसऱ्याच गावी भरलेला बास, मधे यंत्रातून काढलेले आवाज. मी ज्याला पवित्र म्हणून डोक्यावर घेऊन फिरतोय तो मुळात कात्रीचा माल आहे. पिंट्याने त्यावर आणखी एक कात्री चालवली, एवढंच. घराणं तेच. शिष्याला गुरूचं नाव माहीत नाही, हा भाग वेगळा.

ताईला मात्र गंमत वाटली. भांडी आवरताना विचारत होती, कोण कोण आहे रे त्यात. मी नावं सांगितली. 'काळे'वर थांबली. "काळे? आपले काळे?" म्हटलं, हो, उत्कर्ष काळे, इंग्लंडात जन्मला, न्यूयॉर्कमध्ये वाढला, तबला वाजवता वाजवता ड्रमही वाजवतो, तबल्याला वायर लावून त्यातून भलतेच आवाज काढतो. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग गाव कुठलं त्यांचं?" एवढ्या वर्षांत या अल्बमबद्दल मला कुणी विचारलेला हा सगळ्यात आपुलकीचा प्रश्न. उत्तर नव्हतं माझ्याकडे.

आता थोडं बरं वाटतंय. लिहून बरं वाटलं की झोप आली म्हणून, कोण जाणे. 'माझं होतं ते' हे अजून पूर्ण गेलेलं नाही. मघापासून ते वाक्य खोडून परत लिहितोय. माझं म्हणजे काय होतं? केबिनीत उभं राहून पहिल्यांदा ऐकताना अंगावर आलेला काटा माझा होता. तो पिंट्याने घेतलेला नाही. त्याचा त्याला वेगळा आला असेल, माळशेजात, भिजलेल्या बाइकवर. असो. किंवा नसो.

हे लिहितानाच फोन वाजला. पिंट्याच. "मामा, त्या लोकांचं अजून काही आहे का? पण तो सारंगीवाला नको. तो आला की गाडी न्यूट्रलला पडते."

सुलतान खाँसाहेबांना म्हणे न्यूट्रल.

मी त्याला स्टर्न ग्रोव्हचं लाइव्ह रेकॉर्डिंग पाठवलंय, २००२ चं, सॅन फ्रान्सिस्कोमधल्या उघड्या मैदानावरचं, दोन सीडींचं. झाकीरभाई आहेत, काळे आहेत, लास्वेल आहे. सोबत सगळ्यांची नावं नीट लिहून दिलीत, कॉपी करून टाकता येतील अशी. आणि त्यात सारंगी भरपूर आहे, हे काही लिहिलं नाही.