बजेटात पैसे शिल्लक दिसले की आधी लेजर उघडा : माझा अनुभव

बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजची दोन युनिटं, एक कुपवाड एमआयडीसीत आणि दुसरं तासगाव रोडला. हिशोब टॅली प्राइम या अकाउंटिंग सॉफ्टवेअरवर. दोन्ही युनिटांचं खर्चाचं बजेट टॅलीत बसवताना मला जे करावं लागलं आणि जिथे आकडे फसले, ते इथे लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. टॅलीला खर्च 'कळत' नाही. तिला दिसतं ते इतकंच: रक्कम कुठल्या लेजरला (म्हणजे खात्याला) नावे (डेबिट) पडली, कुठल्या कॉस्ट सेंटरला (आमच्याकडे युनिटला) गेली आणि व्हाउचरवर, म्हणजे व्यवहाराच्या नोंदीवर, तारीख काय. नॅरेशनमध्ये (नोंदीखालच्या टिपणात) 'तासगाव जनरेटरचं डिझेल' असं कितीही स्वच्छ लिहा, बजेट ते वाचत नाही.

म्हणून पहिले दोन दिवस बजेट उघडलंच नाही, लेजरं साफ केली. 'डिझेल खर्च', 'डिझेल व ऑइल' आणि 'जनरेटर खर्च' अशी एकाच कामाची तीन लेजरं निघाली. बजेट पहिल्यावर, खर्च तिन्हींवर. मग पैसे उरलेलेच दिसणार. एकच ठेवलं, जुनी व्हाउचरं त्यात वळवली. नंतर प्रत्येक खर्चाच्या लेजरमध्ये कॉस्ट सेंटर लागू केलं. इथे एक गोम आहे. हे आज चालू केलं तरी मागच्या व्हाउचरांना कॉस्ट सेंटर आपोआप चिकटत नाही. ती एकेक उघडून वाटणी भरावी लागते, नाहीतर लेजरच्या बजेटात खर्च दिसतो आणि युनिटच्या बजेटात गायब.

बजेट तयार करताना प्रत्येक ओळीला प्रकार विचारला जातो: 'ऑन नेट ट्रान्झॅक्शन्स' (फक्त त्या कालावधीतले व्यवहार) की 'ऑन क्लोजिंग बॅलन्स' (खात्याची अखेरची शिल्लक). खर्चाला पहिलाच घ्या. एप्रिल ते मार्च असं अख्ख्या वर्षाचं बजेट असेल तर दोन्हींत फरक पडत नाही, कारण खर्चाचं लेजर 1 एप्रिलला शून्यावर असतं. पण बजेट 1 ऑक्टोबरपासूनचं असेल आणि क्लोजिंग बॅलन्स निवडला असेल, तर आधीच्या सहा महिन्यांचा खर्चही त्यात येऊन बसतो. आमच्या धंद्यात वीज उन्हाळ्यात वेगळी, थंडीत वेगळी. म्हणून वर्षाची एक रक्कम न टाकता तीन-तीन महिन्यांची चार बजेटं केली. रिपोर्ट बघताना अल्ट एफ 2 दाबून तोच कालावधी लावायचा, नाहीतर तुलना निरर्थक.

आता रक्कम कोणती धरायची. मजूर ठेकेदाराचं बिल 50,000, त्यावर 1 टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) 500, बँकेतून गेले 49,500. बजेटात 50,000 च पडतात, कारण खर्चाचं लेजर पूर्ण बिलाने नावे होतं. बँक स्टेटमेंट हातात धरून बजेट जुळवणाऱ्याला हे 500 कधीच सापडत नाहीत. दुरुस्तीच्या बिलावर 18 टक्के जीएसटी असेल आणि त्याचं क्रेडिट (आपल्या करातून वजावट) मिळणार असेल, तर कर वेगळ्या लेजरला जातो; बजेट कर सोडून करा. ज्या कामाचं क्रेडिट मिळत नाही, तिथे कर धरून. वीज आणि डिझेलला हा प्रश्नच नाही, दोन्हींवर जीएसटी लागत नाही.

सगळ्यात जास्त घोळ तारखेचा. मार्चचं वीजबिल एप्रिलमध्ये हातात येतं. आम्ही 31 मार्चला 1,40,000 ची तरतूद (बिलाआधीची अंदाजी नोंद) केली: वीज खर्च नावे, देय वीजबिल जमा. बिल आलं 1,46,300 चं. यातले 1,40,000 देय वीजबिलाला नावे टाकायचे आणि फक्त 6,300 नव्या वर्षाच्या वीज खर्चाला. सवयीने अख्खं बिल वीज खर्चाला टाकलं, की मार्चची वीज दोन्ही वर्षांच्या बजेटात आणि देय वीजबिलाला 1,40,000 तसेच लटकलेले.

उलट बाजूही बघा. कॉम्प्रेसर मिस्त्रीला दिलेला 25,000 ॲडव्हान्स पार्टीच्या खात्यावर असतो. बिल आल्याशिवाय दुरुस्तीचं बजेट हलत नाही, मालकांना वाटतं पैसे शिल्लक आहेत. पार्टीला चेक दिला म्हणूनही बजेट हलत नाही, ते बिलाच्या नोंदीलाच हललेलं असतं. ऑप्शनल, म्हणजे कच्चं, ठेवलेलं व्हाउचर हिशोबात धरलंच जात नाही. आणि दुरुस्तीचं बिल चुकून प्लांट अँड मशिनरी या मालमत्तेच्या लेजरला गेलं, तर दुरुस्तीची ओळ तर देखणीच दिसणार.

त्यामुळे जास्त खर्चाची ओळ मी नंतर बघतो. त्यावर आरडाओरडा करायला मालक आहेतच. आधी बघायची ती ठरलेल्यापेक्षा फारच कमी खर्च दाखवणारी ओळ. तिथून एंटर मारत व्हाउचरपर्यंत उतरायचं, मग ॲडव्हान्स, मशिनरी आणि किरकोळ खर्च ही तीन खाती चाळायची. हरवलेली रक्कम बहुतेक वेळा किरकोळ खर्चात सापडते.

बजेट आपोआप पुढच्या वर्षात जात नाही. 1 एप्रिलला नव्या तारखांची चारही बजेटं पुन्हा करावी लागतात, आणि त्याआधी वर्षभरात कोणी नवीन 'डिझेल' लेजर उघडलंय का, तेही बघावं लागतं.