बारा वर्षांची मुलगी, मुलांची टीम आणि भिंतीवरची रेघ

सरदाची, म्हणजे पावसाळी भाताची, कापणी आटोपली की गोव्यात डिचोली-पेडण्याकडच्या शेतांत फुटबॉलसाठी बांबूचे गोलपोस्ट उभे राहतात, आणि त्या खेळात दोन-तीन मुलीही असतात. आठ-नऊ वर्षांच्या वयात त्यांना कोणी काही म्हणत नाही, कारण टीम पुरी करायला माणूस लागतो. बोलणं सुरू होतं ते मुलगी चांगली खेळायला लागली की. दोन मुलांना चकवून तिने गोल मारला की बांधावरून दोन सल्ले येतात. एक म्हणतो, हिला मुलांच्याच टीममध्ये ठेवा, मुलींत वाया जाईल. दुसरा म्हणतो, आता पुरे, मोठी झाली, काही लागलं-बिगलं तर? दोघंही तिचा खेळ बघून बोलतात, पण निर्णय खेळ बघून घ्यायचा नसतो. तिचं शरीर वाढीच्या कोणत्या टप्प्यावर आहे, ते बघून घ्यायचा असतो.

माझं मत आधीच सांगते. साधारण बारा-तेरा वर्षांपर्यंत मुलींनी मुलांबरोबर खेळावं, आणि हे फक्त हुशार मुलींसाठी नाही, सगळ्यांसाठी. त्यानंतर हुशार मुलीने सराव मुलांबरोबर करावा आणि सामने मुलींबरोबर खेळावे. मुलांची टीम म्हणजे तिला मिळालेलं बक्षीस नाही, ते सरावाचं साधन आहे. साधन कधी वापरायचं आणि कधी खाली ठेवायचं, हे मोजून ठरवता येतं.

मुलींची उंची सर्वांत वेगाने वाढते ती साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलांची चौदाव्याच्या. हा दोन वर्षांचा फरक फार महत्त्वाचा. सहावी-सातवीच्या वर्गाचा फोटो बघा, मागच्या रांगेत मुलीच उंच दिसतात. त्या वयात मुलगी मुलांबरोबर खेळली तर तिच्यापेक्षा एखाद्या बारीक मुलालाच जास्त लागायची शक्यता. मग मुलांची वाढ सुरू होते, स्नायू येतात, खांदे रुंदावतात, आणि चित्र उलटतं. पुरुषांचा १०० मीटरचा जागतिक विक्रम ९.५८ सेकंदांचा आहे, महिलांचा १०.४९ चा. लांब उडीत ८.९५ मीटर आणि ७.५२ मीटर. धावण्यात दहा टक्क्यांच्या आसपास आणि उडीत त्याहून बराच जास्त असा हा फरक आहे. फुटबॉलच्या भाषेत सांगायचं तर तीस मीटरच्या धावेत दहा टक्के म्हणजे तीन मीटर. तेवढ्यात बचाव करणारा पुढे येऊन, बॉल मारून, परत आपल्या जागी गेलेला असतो. हे आकडे सर्वोत्तम खेळाडूंचे आहेत, हे खरं. गावच्या टीममध्ये चौदा वर्षांची तयार मुलगी अर्ध्याअधिक मुलांच्या पुढे असू शकते. म्हणूनच सरसकट वयाची रेघ ओढण्यापेक्षा भिंतीवर रेघ ओढावी.

ती अशी. दर तीन महिन्यांनी, सकाळी, एकाच भिंतीला, अनवाणी. टाचा भिंतीला टेकलेल्या, नजर समोर. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीशी काटकोनात धरून पेन्सिलीने खूण करायची. दोनदा मोजायचं, दोन्हींत अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. संध्याकाळी मोजू नये, दिवसभरात माणसाची उंची सेंटिमीटरभर कमी होते आणि हिशेब चुकतो. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटर किंवा अधिक वाढ दिसली की समजायचं, ती वेगाच्या टप्प्यात आली. या काळात आधी पाय लांब होतात आणि धड मागून वाढतं, त्यामुळे काल सहज जमणारा टच आज पायाखालून निसटतो. पुष्कळ सर इथेच फसतात. 'हिचा खेळ गेला' म्हणून तिला बेंचवर बसवतात. खेळ कुठे गेलेला नसतो, शरीराला नव्या लांबीची सवय व्हायची असते. टाचेत दुखणं आणि गुडघ्याच्या वाटीखाली हाडावर दुखरा उंचवटा येणं, ही याच काळाची दुखणी. तेव्हा उड्या आणि कडक जमिनीवरचं धावणं कमी करायचं, बॉलवरचं काम वाढवायचं, आणि दुखणं दोन आठवड्यांत न ओसरल्यास डॉक्टरांना दाखवायचं.

वाढीचा वेग उतरायला लागला की मुलांच्या सामन्यांतून तिला काढायची वेळ जवळ आली असं धरावं. पाळी साधारणपणे या वेगाच्या शिखरानंतर वर्षभरात सुरू होते. ते सरांनी विचारायचं काम नाही. आईने किंवा शाळेतल्या बाईंनी फक्त एवढंच सांगावं, 'आता सामन्यांचं बघूया.'

मोजपट्टीच्या जोडीला एक वही हवी. सलग चार सामन्यांत दोनच गोष्टी लिहायच्या: तिच्या पायाला बॉल किती वेळा लागला आणि एकास एक झटापटीत ती किती वेळा जिंकली. मी वापरते तो ढोबळ ठोकताळा असा. दहापैकी सात-आठ झटापटी ती जिंकत असेल तर तिला वरच्या वयोगटाचा सराव द्या. चार ते सहा जिंकत असेल तर ती योग्य जागी आहे. तीनच्या खाली गेली, तर ती शिकत नाही, सहन करते आहे. बॉल लागण्याचा आकडा तर त्याहून बोलका. मुलगी टीममध्ये आहे, पंचवीस मिनिटं मैदानावर आहे, आणि बॉल सहाच वेळा मिळाला, असं सर्रास होतं. मुलं पास देत नाहीत. काही वेळा मुद्दाम, पुष्कळदा नकळत. त्यात सर तिला 'सांभाळायला' म्हणून कडेला विंगवर उभी करतात, आणि ती वर्षभर टचलाइनला समांतर धावत राहते. याला उपदेशाने फरक पडत नाही, खेळाची रचना बदलावी लागते. चार विरुद्ध चार, तीस बाय वीस मीटरची जागा, प्रत्येकाला दोनच टच. इतक्या छोट्या जागेत पास न देणाऱ्याचाच बॉल जातो, म्हणून मुलगा असो वा मुलगी, पास मोकळ्या पायाला जातो. तीन-तीन मिनिटांचे सहा डाव, दर डावाला जागा बदल. मधली जागा तिला मिळालीच पाहिजे, कारण खेळ वाचायला तिथेच शिकतात.

दुसरी चूक मुलांना दिल्या जाणाऱ्या सूचनेची. 'मुलगी आहे, हळू जा' असं एकदा बोललं की त्या टीममध्ये तिचं स्थान संपलं. त्याऐवजी टॅकल सगळ्यांनाच नीट शिकवावं: उभं राहून, खांद्याला खांदा, बॉलवर पाय, मागून आणि घसरत नाही. याचा फायदा मुलांनाही होतो. आणि मुलगी चकवून गेली म्हणून ज्या मुलाला बाकीचे हसतात, त्या मुलाकडेही सरांचं लक्ष असावं. पुढच्या झटापटीत तोच रागाने पाय घालतो.

एकटी मुलगी मुलांच्या टीममध्ये पाठवू नये. किमान दोघी. हा माझा सर्वांत पक्का आग्रह. एकटी असली की ती कपडे कुठे बदलणार, बसमध्ये कोणाशेजारी बसणार, पोटात दुखलं तर कोणाला सांगणार, इथपासून अडतं, आणि आठवी-नववीत मुली खेळ सोडतात त्याचं कारण पुष्कळदा खेळात नसतं, इथे असतं. गावच्या मैदानावर शौचालय नसतं. जवळच्या शाळेची किंवा एखाद्या घराची सोय सामन्याआधीच विचारून ठेवावी. किटबॅगमध्ये पॅड, जादा अंडरवेअर आणि गडद शॉर्ट असावी. टीमची शॉर्ट पांढरी असेल तर सगळ्या टीमची बदला. इंग्लंडच्या महिला संघाने २०२३ मध्ये याच कारणासाठी पांढरी शॉर्ट सोडून निळी घेतली. बाहेरगावच्या सामन्याला सोबत एक बाई हवीच, आणि सर एकट्या मुलीला कधीही स्वतःच्या गाडीने सोडत नाहीत, हा नियम सर्व पालकांसमोर आधीच सांगून टाकावा. त्यात सरांचंही रक्षण आहे.

गुडघ्याबद्दल थोडं जास्त लिहायला हवं. वयात आल्यावर मुलींमध्ये गुडघ्याच्या मधोमध असलेला लिगामेंट (एसीएल) फाटण्याचं प्रमाण त्याच खेळातल्या मुलांपेक्षा दोन-तीन पटीने जास्त आढळतं. आणि तो बहुतेकदा कोणाशी धडकून फाटत नाही. उडीवरून उतरताना किंवा एकदम दिशा बदलताना गुडघा आत वळतो आणि फाटतो. म्हणजे 'मुलांशी टक्कर होईल' या भीतीने तिला मुलींत पाठवलं तरी ही दुखापत टळत नाही. टाळण्याचा मार्ग वॉर्मअपमध्ये आहे. फिफाचा 'इलेव्हन प्लस' हा चौदा वर्षांपुढचा कार्यक्रम वीस मिनिटांचा आहे. आठ मिनिटं धावणं, दहा मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, शेवटी दोन मिनिटं वेगाचं धावणं, असे एकूण पंधरा व्यायाम. लहानांसाठी त्याची वेगळी आवृत्ती आहे. आठवड्यातून किमान दोनदा व्हायला हवा, महिन्यातून एकदा करून उपयोग नाही. तपासणी सोपी: मुलीला दोन्ही पायांवर दहा उड्या मारायला लावा आणि समोरून बघा. उतरताना गुडघे एकमेकांकडे झुकत असतील तर आधी ते सुधारा, मुलांच्या सामन्यांचं नंतर बघा.

आपली मैदानंही यात धरावी लागतात. मार्च ते मे लाल माती दगडासारखी होते, शेताला भेगा पडतात आणि घोटा तिथेच मुरगळतो. लांब स्टडचे बूट त्या जमिनीवर अडकतात. कडक मातीला छोट्या रबरी स्टडचे बूट, पावसाळी चिखलाला लांब स्टड. मुलींची टाच मुलांच्या मानाने अरुंद असते आणि दुकानात मिळतात ते बूट बहुधा मुलांच्या साच्याचे. बूट घालून टाच वर-खाली सरकते का ते बघा. सरकत असेल तर मोठा नंबर घेऊन दोन मोजे चढवणं हा उपाय नाही, दुसऱ्या कंपनीचा बूट घाला. बॉल बारा वर्षांपर्यंत चार नंबरचा, साधारण ३५० ते ३९० ग्रॅम. पाच नंबरचा ४१० ते ४५० ग्रॅम असतो, आणि पावसात भिजला की जुना बॉल आणखी जड होतो.

क्रिकेटमध्ये प्रश्न वेगळा आहे. तिथे टक्कर नाही, पण बॉल वेगळा. मुलांच्या मोठ्या गटाचा बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा, महिलांचा १४० ते १५१ ग्रॅमचा, घेरही थोडा कमी. पिच मात्र दोघांचीही २२ यार्डांची. वर्षभर मुलांच्या नेटमध्ये जड बॉल टाकणारी मुलगी सामन्यात हलका बॉल हातात घेते तेव्हा तिचा टप्पा चुकतो. म्हणून तिच्या किटमध्ये दोन्ही बॉल असावे, आणि नेटमधली शेवटची चार षटकं महिलांच्या बॉलने टाकावी. फलंदाजीला मात्र मुलांचं नेट सोन्यासारखं आहे, वेगाची सवय तिथेच होते. शफाली वर्मा लहानपणी भावाच्या नावाने मुलांच्या स्पर्धेत खेळली आणि २०१९ मध्ये पंधराव्या वर्षी भारतासाठी खेळली. नाव बदलून खेळावं लागलं, याचं कौतुक मात्र मला करवत नाही. गोव्याच्या शिखा पांडेने भारतासाठी नवा बॉल टाकलेला पाहिलेल्या राज्यात तरी कोणा मुलीवर ती वेळ येऊ नये.

नियमांकडे दुर्लक्ष केलं तर मुलीचंच नुकसान होतं. स्पर्धेच्या पत्रकात 'मुलगे' असं लिहिलं असेल तर आयोजकांची परवानगी आधी, लेखी घ्यावी. तोंडी होकारावर मुलीला उतरवलं आणि समोरच्या टीमने प्रोटेस्ट केला की पॉइंट जातात, आणि बोल तिला लागतात. शालेय स्पर्धांत मुलगे-मुली वेगळे असतात. सुब्रतो कप या शालेय फुटबॉल स्पर्धेत मुलींचा गट फक्त सतरा वर्षांखालचा आहे, तर मुलांना त्याच्या खालचाही गट आहे. म्हणजे बारा वर्षांच्या मुलीला शाळेकडून खेळायचं तर समोर सोळा वर्षांच्या मुली. 'मुलांत नको, लागेल' म्हणणाऱ्यांनी हे अंतर बघावं. बारा वर्षांच्या मुलीसाठी बारा वर्षांचे मुलगे हेच जास्त सुरक्षित प्रतिस्पर्धी आहेत.

बाहेर हे वाद होऊन गेले आहेत. इंग्लंडची फुटबॉलपटू ल्यूसी ब्राँझ हिला बाराव्या वर्षी तिथल्या तेव्हाच्या नियमामुळे मुलांची टीम सोडावी लागली. आज तिथे अठरा वर्षांखालील गटापर्यंत मिश्र खेळाला मुभा आहे. मेक्सिकोच्या मारिबेल डोमिंगेझला पुरुषांच्या क्लबने घ्यायचं ठरवलं तेव्हा २००४ मध्ये फिफाने नकार दिला. मोठ्यांच्या खेळात तो भेद राहणार, आणि राहावा असंच मला वाटतं, कारण तो नसता तर महिलांच्या स्पर्धाच उभ्या राहिल्या नसत्या. २०२२ मध्ये फातोर्ड्याला सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे सामने झाले ते त्या भेदामुळेच.

म्हणून शेवटची अडचण मुलींच्या टीमची. गावात कशाबशा अकरा मुली जमतात, त्यातली सर्वांत चांगली मुलांत गेली की उरलेल्या दहा विरतात. यावर उपाय वेळापत्रकाचा: आठवड्याला दोन सराव मुलांबरोबर, एक मुलींबरोबर, सामना मुलींचा. मुलांत तिला वेग मिळतो. मुलींत तिला बॉल मागावा लागत नाही, टीम चालवावी लागते, पेनल्टी घ्यावी लागते. दोन्ही सरांनी मिळून एकच वही ठेवावी, नाहीतर प्रत्येक जण आपलेच तास मोजतो आणि मुलगी दोघांचे भरते. आठवड्याचे खेळाचे एकूण तास तिच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. सतत थकवा, चढावर दम लागणं, तोंड फिकं पडणं दिसलं तर हिमोग्लोबिन तपासा. बारा ग्रॅमच्या खाली असेल तर अधिक सराव देऊन काही साधत नाही. डॉक्टरांच्या गोळीबरोबर ताटात तांबडी भाजी, कुळीथ, मासे असू द्या, भाजीवर लिंबू पिळा, आणि जेवणाला लागून चहा देऊ नका.