पाटी नसलेलं दुकान

परक्या गावाचं चित्र काढणं त्या मानानं सोपं. आपल्याच बाजारात कागद घेऊन बसलं की पंचाईत होते, कारण तिथलं सगळंच आपल्याला माहीत असतं. आमच्या बेळगावच्या गणपत गल्लीत कुठल्या दुकानाला किती पायऱ्या, कुठल्या माडीचा कठडा कललेला, कुठल्या कौलांत पावसाळ्यात गवत उगवतं! हात हे सगळं इमानदारीनं उतरवून घेतो आणि शेवटी हातात येतो सातबाराचा उतारा. बिनचूक असतो, पण भिंतीवर कोण लावणार? आमच्या वर्गातली निम्मी चित्रं याच जातीची.

"हात मोकळा सोड," असं सर उठता-बसता सांगतात. सोडायचा कसा, ते मात्र हळूहळू कळतं. पेन्सिल टोकापासून लांब धरली की रेघ खांद्यातून येते. उभं राहून काढलं की बारकाव्यांवर नाक टेकवता येत नाही. बारीक ब्रश तर सरळ घरीच ठेवून यावा. आणि डोळे किलकिले करावेत. गॅलरीचे गज, विजेच्या तारांचं जंजाळ सगळं विरघळतं आणि उजेड-अंधाराचे दोन-चार मोठे तुकडे तेवढे उरतात. किल्ल्यातल्या कमल बस्तीत हे फार अवघड जातं. 1204 सालचं ते जैन मंदिर, छताला दगडी कमळ. पाकळ्या मोजायला लागलात की दुपार गेलीच म्हणून समजा.

पण माझं विचाराल तर बेळगावात हात मोकळा करायला पावसासारखा मास्तर नाही. जुलैत इथली हवाच इतकी ओली असते की जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, वाळायचं नाव घेत नाही. उन्हाळ्यात जो बघता बघता सुकतो, तो पावसाळ्यात चहा पिऊन आलं तरी चकाकतच असतो. मग छत्र्यांचा काळा रंग शेजारच्या राखाडीत उतरतो, कौलांचा तांबडा खाली भिंतीत झिरपतो. अशा वेळी घाईनं पाण्यानं भरलेला ब्रश टेकवला की अर्धवट ओला रंग बाजूला ढकलला जातो आणि दातेरी कडेचा डाग पडतो. तो काही केल्या जात नाही. तेव्हा एक तर हात बांधून थांबायचं, नाहीतर ब्रश झटकून, कमी पाण्यात दाट रंग घेऊन एकदाच टेकवायचा आणि त्या जागेकडे पुन्हा फिरकायचं नाही. हे 'पुन्हा फिरकायचं नाही' सगळ्यात अवघड. सुधारायची खाज काही कमी चिवट नसते.

याच गावात के. बी. कुलकर्णींनी चित्रकला शिकवली, चित्रकार रवी परांजपे त्यांच्या हाताखाली घडले. त्यामुळे की काय, रस्त्यावर बोर्ड मांडून बसलेल्याला इथं कुणी वेडं समजत नाही. सल्ले मात्र भरपूर मिळतात. "काय काढायलीस गं?" म्हणत भाजीवाल्या मावशी डोकावतात आणि स्वतःची टोपली हिरव्या डागात बरोब्बर ओळखतात. दुकानदारांचं तसं नसतं.

"आणि आमचा बोर्ड कुठाय?" एका काकांनी विचारलं.

मी पिवळ्या रंगाच्या एका फटकाऱ्याकडे बोट दाखवलं. त्यांना ते काही पटलं नाही. पाट्यांवरून या गावात काय काय रण माजतं ते आपल्याला माहीतच आहे. कन्नड वर की मराठी, कुणाची अक्षरं केवढी. माझ्या चित्रात आख्ख्या गल्लीच्या पाट्या म्हणजे पिवळे, निळे, तांबडे पट्टे. वाचायला गेलात तर कुठलीच भाषा लागणार नाही.

"नाव घाल बघू नीट," काका म्हणाले, "फ्रेम करून गल्ल्यामागं लावतो."

"घालते की. कुठल्या लिपीत?"

काका क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग पोऱ्याला म्हणाले, "दोन चहा सांग रे."