‘९९९९९ इन १’मधले खेळ, आणि त्यात कधीच नसलेले

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडून खेळायचं जे यंत्र आपल्याकडे घरोघरी आलं, ती बहुतेक वेळा निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम या एट-बिट गेम यंत्राची नक्कल असायची. मूळ फॅमिकॉम जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये बाजारात आला. नकलेबरोबर ‘९९९९९ इन १’ अशी थाप मारणारी कॅसेट मिळायची. खरे खेळ मोजकेच, बाकी सगळी त्याच खेळांची वेगळ्या लेव्हलपासून सुरू होणारी पिलावळ. त्यात टेनिस, गोल्फ, सॉकर, एक्साइटबाईक, हायपर ऑलिम्पिक ही मंडळी ठरलेली. या शिदोरीवर आपण मत बनवून टाकलं की एट-बिटवर मारामारीचे खेळ भारी, मैदानी खेळ मात्र यथातथाच. मत चुकीचं आहे, कारण नमुनाच अर्धवट होता.

सुरुवातीच्या कॅसेटमध्ये प्रोग्रॅमसाठी १६ किंवा ३२ केबी आणि चित्रांसाठी ८ केबी, एवढाच ऐवज असे. एक्साइटबाईक अख्खा २४ केबीत बसतो. असे खेळ एका स्वस्त चिपवर डझनाने कोंबता येतात. पुढे कॅसेटमध्येच मेमरीची पानं उलटणारी वेगळी चिप, म्हणजे मॅपर, येऊ लागली आणि खेळ मोठे झाले. १९९१ चा टेक्मो सुपर बाउल ३८४ केबीचा आहे, म्हणजे त्या जागेत सोळा एक्साइटबाईक मावले असते. स्वस्त कॅसेट बनवणारा तो कशाला घेईल? त्यामुळे आपल्या वाट्याला मुख्यतः १९८३ ते ८५ चा माल आला आणि १९८७ नंतरचं बरंचसं चांगलं राहून गेलं.

आता एकेका खेळाला दहापैकी गुण देतो, पण त्याआधी वेगाचं बघून घ्या. अमेरिकी आणि जपानी खेळ सेकंदाला ६० फ्रेमच्या (म्हणजे ६० चित्रांच्या) हिशोबाने लिहिलेले आहेत. आपल्याकडच्या क्लोनमधून, म्हणजे त्या नकली यंत्रांतून, आपल्या टीव्हीच्या ‘पाल’ पद्धतीचं ५० फ्रेमचं चित्र निघायचं. खेळ फ्रेम मोजत चालत असल्यामुळे सगळंच सुमारे १७ टक्के मंद व्हायचं. एम्युलेटरवर (जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) खेळणार असाल तर रीजन ‘एनटीएससी’, म्हणजे ६० फ्रेमची पद्धत, ठेवा, नाहीतर टेनिसची पाचवी लेव्हल जिंकल्याचा आनंद खोटा ठरेल. जुना क्लोन नव्या एलसीडीला पिवळ्या वायरने जोडलात तर टीव्हीचा ‘गेम मोड’ सुरू करा. चित्र सुधारायच्या नादात टीव्ही काही फ्रेम अडवून धरतो आणि बटण दाबणं व ठोसा बसणं यांत अंतर पडतं. कॅसेट लागत नसेल तर फुंकर मारू नका, तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पिना दोन्ही बाजूंनी पुसा आणि वाळल्यावरच लावा. खाली दिलेले सगळे गुण ६० फ्रेमवरचे आहेत.

आधी ओळखीची मंडळी. सॉकर (१९८५) दहापैकी ३. चेंडूपेक्षा खेळाडू बदलण्यातच वेळ जातो, आणि पास दिल्यावर तो नेमका कोणाकडे जाईल याचा भरवसा नाही. टेनिस (१९८४) ६. खुर्चीवर पंच म्हणून मारिओ बसलाय, चेंडूचा वेग आजही चोख वाटतो, पण दोघे जण समोरासमोर खेळूच शकत नाहीत, डबल्समध्ये एकाच बाजूला उभं राहून कॉम्प्युटरशी लढायचं. टेनिसच्या खेळात हे अक्षम्य आहे. गोल्फला मात्र ७. त्याचा प्रोग्रॅम लिहिणारे सातोरू इवाता पुढे निन्टेन्डोचे अध्यक्ष झाले. तीनदा बटण दाबायची पद्धत (पहिल्यांदा स्विंग सुरू, दुसऱ्यांदा ताकद, तिसऱ्यांदा फटका) गोल्फच्या कितीतरी खेळांनी नंतर उचलली. आपल्याकडे पोरं याला कंटाळायची, कारण वाऱ्याचा बाण आणि काठीचा नंबर बघायचा असतो हे सांगणारं कोणी नव्हतं.

हायपर ऑलिम्पिकमध्ये चारच प्रकार: १०० मीटर, लांब उडी, ११० मीटर अडथळे आणि भालाफेक. एकाने बटण बडवत पळायचं, दुसरं दाबून धरून उडीचा किंवा भाल्याचा कोन ठरवायचा. कोन ४५ अंशांच्या आसपास ठेवा. क्लोनच्या जॉयस्टिकवरच्या टर्बो बटणाने (धरून ठेवलं की आपोआप भराभर दाबलं जाणाऱ्या) या खेळाची वाट लावली. टर्बो दाबून धरलं की धावण्यात कौशल्यच उरत नाही. साध्या बटणाने ६, टर्बोने २. अमेरिकेत ‘ट्रॅक अँड फील्ड’ नावाने आलेल्या आवृत्तीत प्रकार आठ आहेत, तीच शोधा.

एक्साइटबाईक मात्र या गठ्ठ्यातला खरा हिरा. ९ गुण. ‘ए’ म्हणजे साधा ॲक्सिलरेटर, ‘बी’ म्हणजे टर्बो. टर्बोने इंजिन तापतं, खालची पट्टी भरली की गाडी कडेला जाऊन काही सेकंद नुसती उभी. बहुतेक जण म्हणून टर्बो जपून वापरतात, आणि तिथेच वेळ हरवतात. रस्त्यावर बाणांचे पट्टे असतात, त्यावरून गेलं की तापमान झटक्यात उतरतं. म्हणजे एका पट्ट्यापासून दुसऱ्यापर्यंत पट्टी काठोकाठ येईल इतका टर्बो दाबायचा. हवेत असताना डावं दाबलं की पुढचं चाक वर, उजवं दाबलं की खाली. ज्या उतारावर उतरणार त्याच्याशी दोन्ही चाकं समांतर हवीत. नाक खाली आणि जमीन सपाट असेल तर आपटलातच. दुसऱ्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक लागलं की पडतो तो आपण, त्यामुळे ओव्हरटेक करून लगेच त्याच्या लेनमध्ये शिरा, मग पडण्याची पाळी त्याची. एक गुण कापला तो ‘डिझाइन’साठी. स्वतः ट्रॅक बनवता येतो, पण ‘सेव्ह’ चालतं फक्त जपानमध्ये विकलेल्या टेप रेकॉर्डरवर. वीज गेली की ट्रॅक गेला.

आता न मिळालेले. आइस हॉकी (१९८८) पहिल्या झटक्यात पोरकट दिसतो: बारीक, मध्यम आणि जाडा असे तीन प्रकारचे खेळाडू, त्यांतून गोलकीपर सोडून चार निवडायचे. पण सगळा डाव या निवडीतच आहे. बारीक वेगवान, फेस-ऑफ (खेळ सुरू करताना चकतीसाठी होणारी झटापट) तोच जिंकतो, धक्का लागला की उडतो. जाड्याचा फटका तोफेसारखा, पण वळेपर्यंत पक, म्हणजे ती चकती, पलीकडे. दोन बारीक, एक मध्यम, एक जाडा इथून सुरुवात करा. एक खोच: बचाव करताना खेळाडूला वर-खाली नेलं की आपला गोलकीपरही त्याच बटणांनी सरकतो. फुकटचे गोल इथेच होतात. सगळे एका रेषेत आले की चित्र लुकलुकतं. हा कॅसेटचा दोष नाही. यंत्राला एका आडव्या ओळीत आठच स्प्राइट (हलणाऱ्या चित्रांचे तुकडे) दाखवता येतात आणि प्रत्येक स्प्राइट आठ पिक्सेल रुंद. सोळा पिक्सेल रुंद चार खेळाडू झाले की कोटा संपला. मग खेळ दर फ्रेमला वेगळा तुकडा गाळतो. ८ गुण, आणि दोघे असाल तर ९.

याच मर्यादेला बगल दिली म्हणून पंच-आउटला (१९८७) मी पुरे १० देतो. समोरचा बॉक्सर अर्धा पडदा व्यापतो तरी लुकलुकत नाही, कारण तो स्प्राइट नाहीच, मागच्या चित्राच्या फरशांनी रंगवलाय. पडदा रेखाटला जात असतानाच फरशांचा संच बदलणारी एमएमसी-२ ही चिप या एकाच खेळासाठी वापरली गेली. खेळायला मात्र हे बॉक्सिंगपेक्षा ताल ओळखण्याचं काम आहे. बॉल्ड बुल उड्या मारत अंगावर येतो, तिसऱ्या उडीला पोटात ठोसा, जागेवर आडवा. किंग हिप्पोने तोंड उघडलं की तोंडावर, मग चड्डी घसरली की पोटावर; एकदा पडला की उठत नाही. आणि ग्रेट टायगर, ज्याच्या ओळखीत चक्क ‘बॉम्बे, इंडिया’ लिहिलंय! फेटा, जादू, सगळा विलायती मसाला. पण त्याच्याशी लढाई उत्तम रचली आहे. ठोशाआधी फेट्यातला मणी चमकतो, नजर तिथेच ठेवा. तो गायब होऊन गरगरत पाच वेळा हल्ला करतो तेव्हा खालचं बटण धरून गार्ड घ्या. पाचवा हल्ला झाला की त्यालाच भोवळ येते, एक ठोसा पुरतो. शेवटचा प्रतिस्पर्धी, बॉक्सर माइक टायसन, याच्याकडे थेट जायचं असेल तर पासवर्ड ००७-३७३-५९६३. पहिली दीड मिनिटं त्याचा एकच अपरकट खाली पाडतो, तेवढा वेळ फक्त चुकवत राहा. १९९० मध्ये आलेल्या आवृत्तीत टायसनच्या जागी मिस्टर ड्रीम आहे, बाकी खेळ तोच.

निन्टेन्डो वर्ल्ड कप (१९९०) ७: सहा-सहा खेळाडू, फाउल नाही, आडवे पडलेले तसेच पडून राहतात, तुम्ही एकालाच चालवता आणि इतरांना पास किंवा शॉटचा हुकूम सोडता. टेक्मो सुपर बाउलला ९, पण अमेरिकन फुटबॉलचे चार डाऊन (प्रयत्न) आणि दहा यार्ड समजून घेतल्याशिवाय हात लावू नका. जुनी कॅसेट घेतलीत तर सीझन सेव्ह करणारी आतली सीआर २०३२ बॅटरी बहुधा मेलेली असेल. नवी घेताना पत्र्याचे पाय जोडलेलीच घ्या, उघड्या सेलवर कधी डाग देऊ नका. आणि जुना सेव्ह जाईल हे धरून चाला.

राहिलं क्रिकेट. एट-बिट निन्टेन्डोवर तेही होतं. ‘इंटरनॅशनल क्रिकेट’, १९९२, बीम सॉफ्टवेअर, विक्री फक्त ऑस्ट्रेलियात. त्याची कॅसेट ७२ पिनांची, आपल्या क्लोनचा खाचा ६० पिनांचा, म्हणजे मध्ये ॲडॉप्टर लागणार. शिवाय तो अस्सल ५० फ्रेमच्या यंत्रासाठी लिहिलेला आहे. तेव्हा एम्युलेटरवर एवढ्या एकाच खेळापुरतं रीजन बदलून ‘पाल’ करा.