दहा कोंबड्या आणि शंभर मात्रांची कुपी

परसात दहा-बारा कोंबड्या पाळणाऱ्याची खरी अडचण कोंबड्या नव्हेत, त्यांची संख्या आहे. कुक्कुटपालनाविषयी जे काही छापले, विकले आणि शिकवले जाते, ते बहुतेक सगळे हजारोंच्या शेडसाठी असते. दुसरीकडे जुन्या घरांची रीत अशी, की सकाळी खुराड्याचे दार उघडावे, कोंबड्या दिवसभर गावभर चराव्यात आणि तिन्हीसांजेला जेवढ्या परततील तेवढ्या आपल्या म्हणाव्यात. चिपळूणजवळच्या आमच्या वाडीत घरामागे कुंपण घालून थोड्या गावठी, थोड्या वनराज या सुधारित जातीच्या आणि एक-दोन कडकनाथ कोंबड्या सांभाळणारे आमच्यासारखे लोक या दोहोंच्या मधे सापडतात, आणि आमच्या रोजच्या बहुतेक कटकटी तिथूनच उगवतात.

लसीचेच पाहा. पुस्तकात जिला रानीखेत म्हणतात ती मानमोडी एकदा वाडीत शिरली, की कोंबडी हिरवट हगवते, पंख गाळते, मान पिळवटून जागच्या जागी गिरक्या घेऊ लागते आणि मग तिच्यावर इलाज उरत नाही. लस मात्र आहे, आणि ती चांगली आहे. पिल्लू पाच ते सात दिवसांचे झाले की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत घालायचा, चौथ्या आठवड्याच्या सुमारास तोच पुन्हा द्यायचा, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी लस पंखाखाली टोचायची. अडचण अशी, की बाजारात सहज मिळणारी लहानात लहान कुपी शंभर मात्रांची असते, दुकानापासून घरापर्यंत ती बर्फात आणावी लागते आणि एकदा द्रावणात मिसळली की तास-दोन तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी ती फोडायची म्हणजे नव्वद मात्रा मातीत ओतायच्या. आम्ही यावर वाडीपुरता तोडगा काढला आहे. ज्यांच्या घरी पिल्ले आहेत त्यांनी एक सकाळ ठरवायची, खर्च वाटून घ्यायचा, आणि उजाडण्याआधी, खुराडी उघडली जाण्यापूर्वी, एकाने बर्फाचा थर्मास व दुसऱ्याने बॅटरी घेऊन घरोघर जायचे. अंधारात कोंबडी हातात मुकाट्याने येते. तीच ऊन वर आल्यावर पकडायची तर अर्धी वाडी तिच्यामागे धावते. अर्थात या व्यवस्थेत एखादे घर वगळले गेले, तर रोग त्या घरातून पुन्हा सगळीकडे येतो. त्यामुळे पुढच्या आळीतल्या काकूंची मनधरणी करणे हाही कोंबडीपालनाचाच भाग झाला आहे.

खाद्याचा प्रश्नही संख्येचाच. मोठ्या दहा कोंबड्यांना दिवसाला साधारण किलोभर खाद्य लागते, आणि दिवसभर परसात चरू दिले, स्वयंपाकघरातला भाजीपाला व भाताची कणी दिली, तर त्याहून कमी. म्हणजे पन्नास किलोचे पोते दोन महिने तरी सहज पुरते. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या आमच्या जिल्ह्यात जुलै महिन्यात उघडे पोते दोन महिने टिकत नाही. मक्याला आणि शेंगदाणा पेंडीला बुरशी लागते, त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होते आणि ते कोंबडीचे यकृत निकामी करते. खाद्य उन्हात वाळवून किंवा शिजवून ते जात नाही. म्हणून पावसाळ्यात पोते दोघा-तिघांत वाटून घ्यावे आणि आपला वाटा घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवावा. कुबट वास आला की कितीही जीव तुटला तरी ते खाद्य पुरून टाकावे, हे बरे.

त्यातही एक बारकावा आहे, जो मोठ्या शेडवाल्यांच्या वाट्याला येतच नाही. तिथे एका शेडमध्ये एकाच वयाचे पक्षी असतात आणि त्यांना त्या वयाचे खाद्य मिळते. आमच्याकडे एकाच परातीवर अंड्यावरची कोंबडी, अजून अंड्याला न लागलेली तलंग, कोंबडा आणि आईच्या पायाशी घुटमळणारी पिल्ले सगळी तुटून पडतात. अंड्याच्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असते. पिल्लांनी तेच सतत खाल्ले तर त्यांच्या मूत्रपिंडांवर ताण येतो, आणि सगळ्यांनाच पिल्लांचे खाद्य घातले तर कोंबड्या पातळ कवचाची अंडी घालतात. असे एखादे अंडे खुराड्यात फुटले आणि कोंबडीला त्याची चव लागली, की ती अंडी फोडून खायची खोड जडते, जी मोडणे फार जिकिरीचे असते. आम्ही सर्वांना कमी कॅल्शियमचे एकच खाद्य देतो आणि तिसऱ्यांच्या शिंपल्या भाजून, जाडसर कुटून वेगळ्या करवंटीत ठेवतो. कोणालाही शिकवावे लागत नाही. अंड्यावर आलेली कोंबडी दुपार कलल्यावर आपण होऊन त्या करवंटीकडे जाते, चार-सहा तुकडे निवडून गिळते आणि परतते, कारण त्या रात्री तिच्या पोटात उद्याच्या अंड्याचे कवच घडायचे असते. पिल्ले तिकडे फारशी फिरकत नाहीत.

शत्रूंमध्ये घारीची भीती लोकांना वाटते त्यापेक्षा कमी आणि मुंगसाची वाटते त्यापेक्षा जास्त बाळगावी. घार पिल्लू उचलते, पण आंब्या-फणसाची सावली आणि सावध कोंबडी असेल तर तिचे फारसे चालत नाही. मुंगूस मात्र खुराड्यातल्या फटीतून शिरते, मान धरते आणि एकावर थांबत नाही. दुकानात जी षट्कोनी भोकांची कोंबडीजाळी म्हणून मिळते, ती कोंबडीला आत ठेवते. मुंगसाला किंवा रानमांजराला ती बाहेर ठेवू शकत नाही. अर्ध्या इंचाच्या भोकांची, वेल्डिंगने जोडलेली जाळी महाग पडते, पण घ्यायची तर तीच, आणि तिची खालची कड हातभर बाहेर वळवून मातीत दाबायची. खुराडे चिऱ्याच्या जोत्यावर असेल तर उत्तम. तेवढ्याने साप अडेलच असे नाही, कारण नाग आणि धामण अंड्यांच्या वासाने चढतात. म्हणून अंडी संध्याकाळपर्यंत आत राहू देऊ नयेत.

कोंबड्यांची आपसांतली व्यवस्था हा आणखी एक विषय. लहान कळपात कोणी कोणाला चोच मारायची याचा क्रम ठरलेला असतो आणि तो नव्या पक्ष्याने बिघडतो. दोन तलंगा विकत आणून सरळ आत सोडल्या, तर जुन्या त्यांना रक्त येईपर्यंत टोचतात, आणि लाल दिसले की बाकीच्याही येऊन टोचतात. नव्या पक्ष्यांना दोन-तीन आठवडे पूर्ण वेगळे ठेवावे, म्हणजे रोग असला तर तिथेच कळतो. नंतर काही दिवस जाळीच्या आडोशाने शेजारी ठेवावे आणि मग रात्री, सगळ्या दांडीवर बसल्यावर, अलगद त्यांच्यात नेऊन बसवावे. सकाळी कुरबूर होते, पण रक्तपात टळतो. नरांचा हिशेब सोपा आहे: आठ-दहा माद्यांना एक नर पुरतो. पण उबवलेल्या पिल्लांत निम्मे नर निघतात, आणि ते आरवू लागले की शेजाऱ्यांची झोप व माद्यांच्या पाठीवरची पिसे दोन्ही जातात.

त्या जादा नरांची विल्हेवाट मात्र आमच्याकडे पंचांगच लावते. आषाढ संपता संपता गटारीच्या आठवड्यात गावठी कोंबड्याला जो भाव येतो तो वर्षभर येत नाही, आणि त्याच आठवड्यात चोऱ्याही होतात. कुलूप मुंगसासाठी नसते. गटारीच्या दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो आणि निम्म्या वाडीला अंडे चालेनासे होते, कोंबड्या मात्र श्रावण पाळत नाहीत. साठलेली अंडी खुडूक, म्हणजे उबवायला बसू पाहणाऱ्या, कोंबडीखाली ठेवावीत, असे कोणालाही सुचेल. पण भर पावसात निघालेली पिल्ले ओल्या तुसावर वाढतात, आणि ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू पोसतात. तीन ते आठ आठवड्यांची पिल्ले त्याने पटापट जातात. म्हणून श्रावणात खुडूक झालेल्या कोंबडीला डालग्याखाली न बसवता हवेशीर पिंजऱ्यात दोन-चार दिवस ठेवून तिची खुडूक मोडतो, उबवणीला दिवाळीनंतर बसवतो, म्हणजे एकविसाव्या दिवशी निघालेल्या पिल्लांना कोरडी जमीन मिळते. श्रावणातली अंडी पलीकडच्या मोहल्ल्यात जातात. तिथल्या एक भाभी दर दोन दिवसांनी पिशवी पाठवतात, प्रत्येक अंडे पाण्यात बुडवून पाहतात, आणि जे आडवे तळाशी बसते त्याचेच पैसे देतात.